आय-लीग नेमकी चालते कशी? वर जायचं एकच दार आणि त्यासाठी थेट स्वित्झर्लंडपर्यंत गेलेलं भांडण

६ एप्रिल २०२५. आय-लीगचा शेवटचा दिवस. सकाळी चार संघांना विजेतेपदाची संधी होती. संध्याकाळी गुणतक्त्यात गोव्याचा चर्चिल ब्रदर्स ४० गुणांसह पहिला होता आणि वाराणसीचा इंटर काशी ३९ गुणांसह दुसरा.

म्हणजे चर्चिल विजेता? तर नाही. त्या दिवशी विजेताच जाहीर झाला नाही. एप्रिलमध्ये चर्चिलचं नाव जाहीर झालं, ट्रॉफीही गोव्यात आली. आणि जुलैमध्ये निकाल लागला की विजेता इंटर काशी आहे.

मैदानावरचे सामने संपल्यावर तीन महिन्यांनी, तेही स्वित्झर्लंडच्या लुसानमध्ये बसलेल्या क्रीडा लवादाने विजेता ठरवावा, असं का झालं? ट्रॉफीसाठी कुणी एवढं लांब जात नाही. भांडण होतं ट्रॉफीसोबत मिळणाऱ्या एका जागेचं. ते समजून घ्यायचं तर भारतातली दुसऱ्या श्रेणीची फुटबॉल लीग कशी चालते, हे आधी बघावं लागेल.

आधी उतरंड समजून घेऊ

क्रिकेटमुळे आपल्याला आयपीएलची सवय आहे. तिथे ठरलेले संघ असतात. शेवटचा आला तरी पुढच्या वर्षी तोच संघ, तीच जर्सी. जगभरातलं फुटबॉल बहुतेक ठिकाणी असं चालत नाही. तिथे लीग एकावर एक रचलेल्या असतात. खालच्या लीगमध्ये जिंकलात तर वरच्या लीगमध्ये जाता, वरच्या लीगमध्ये तळाला राहिलात तर खाली येता. याला प्रमोशन आणि रेलिगेशन म्हणतात. मराठीत बढती आणि घसरण म्हणू.

२०२४-२५ च्या हंगामात भारतात सगळ्यात वर होती इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल. तिच्या खाली आय-लीग. त्याखाली आय-लीग २, तिच्या खाली २०२३ मध्ये सुरू झालेली आय-लीग ३. आणि सगळ्यात खाली राज्यांच्या आणि शहरांच्या आपापल्या लीग, म्हणजे गोवा प्रोफेशनल लीगसारख्या.

कागदावर हे चित्र एकदम इंग्लंडसारखं दिसतं. घोळ आहे तो सगळ्यात वरच्या दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यात.

हंगाम कसा असतो?

हे सोपं आहे. २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये १२ क्लब होते. प्रत्येक क्लब बाकीच्या ११ जणांशी दोनदा खेळला, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा समोरच्याच्या. म्हणजे प्रत्येकी २२ सामने, एकूण १३२. जिंकल्यास ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरल्यास शून्य. सेमीफायनल नाही, फायनल नाही. शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता.

फायनल नसल्यामुळे गंमत अशी होते की जानेवारीतल्या एखाद्या साध्या सामन्याची किंमत एप्रिलमध्ये कळते. इथेही तेच झालं.

आणखी एक. 'घरचं मैदान' हा शब्द आय-लीगमध्ये जरा सैल अर्थाने घ्यायचा. इंटर काशी नावाने वाराणसीचा, पण घरचे सामने खेळत होता पश्चिम बंगालमधल्या कल्याणीला. दुसऱ्या श्रेणीच्या क्लबकडे नियमात बसणारं स्वतःचं स्टेडियम असेलच असं नाही.

तळाचे दोन संघ आय-लीग २ मध्ये जायचे. २०२२-२३ मध्ये मुंबई केंक्रे आणि सुदेवा दिल्ली गेले, २०२३-२४ मध्ये मणिपूरचे नेरोका आणि ट्राऊ, २०२४-२५ मध्ये दिल्ली एफसी आणि एससी बेंगळुरू. यातला बेंगळुरूचा क्लब आदल्याच वर्षी आय-लीग २ जिंकून वर आला होता. म्हणजे खालच्या बाजूची चक्रं नीट फिरतात.

एका पिवळ्या कार्डाचा हिशेब

आता भांडणाकडे येऊ.

१३ जानेवारी २०२५ ला पंजाबच्या नामधारी एफसीने इंटर काशीला २-० ने हरवलं. सामना झाला, विषय संपला, असं वाटलं. पण इंटर काशीने तक्रार केली की नामधारीने त्या दिवशी बंदी असलेला खेळाडू मैदानात उतरवला होता.

लीगमध्ये पिवळी कार्डं जमा होत जातात. एका सामन्यात एक कार्ड मिळालं तर त्या दिवशी काही बिघडत नाही, पण ठरावीक संख्या भरली की खेळाडूला पुढच्या सामन्यात बाहेर बसावं लागतं. नामधारीच्या त्या परदेशी खेळाडूची चार कार्डं भरली होती. तरी तो खेळला.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे एआयएफएफच्या शिस्तपालन समितीने इंटर काशीच्या बाजूने निकाल दिला. सामना ३-० ने काशीला बहाल. नामधारी अपील समितीकडे गेला आणि त्या निकालाला स्थगिती मिळाली. ही स्थगिती चालू असतानाच लीग संपली.

आता शेवटचा दिवस आठवा. चर्चिलने श्रीनगरमध्ये रिअल काश्मीरशी १-१ बरोबरी केली. इंटर काशीने राजस्थान युनायटेडला ३-१ ने हरवलं. शर्यतीतला तिसरा संघ गोकुलम केरळ, त्याला डेम्पोने ४-३ ने हरवलं. डेम्पोही गोव्याचाच, त्यामुळे चर्चिलला शेजाऱ्याची मदतच झाली म्हणायची. रिअल काश्मीर ती बरोबरी झाल्यामुळे आपोआप बाद.

चर्चिल ४०, काशी ३९. पण जानेवारीतल्या त्या सामन्याचे ३ गुण काशीला मिळाले तर ४२. एका सामन्यातला एक खेळाडू, आणि त्याच्यावर अख्खी लीग अडकलेली.

१८ एप्रिलला अपील समितीने नामधारीच्या बाजूने निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी एआयएफएफने चर्चिलला विजेता जाहीर केलं. इंटर काशी लुसानच्या क्रीडा लवादात गेला. दरम्यान काशीवरच दुसरी तक्रार उभी राहिली. त्यांचा स्पॅनिश खेळाडू मारिओ बार्को आधी नोंदवला गेला, मग त्याच्या जागी दुसरा आला, आणि नंतर बार्कोची पुन्हा नोंदणी झाली. एकाच हंगामात असं पुन्हा नोंदवणं नियमात बसतं का, असा प्रश्न. इथेही भारतातल्या अपील समितीने काशीच्या विरोधात निकाल दिला.

लवादाने दोन्ही प्रकरणांत काशीची बाजू घेतली. जूनमध्ये नामधारीच्या सामन्याचा निकाल आला आणि १८ जुलैला बार्को प्रकरणाचा. त्यात एआयएफएफला स्पष्ट आदेश होता की इंटर काशीला विजेता जाहीर करा.

चर्चिलच्या खेळाडूंचं यात काय चुकलं, असं विचाराल तर काहीच नाही. ते २२ सामने खेळले आणि ४० गुण मिळवले. ज्या सामन्यावरून सगळं फिरलं, त्यात ते मैदानातही नव्हते. ज्या समितीने एप्रिलमध्ये घाई केली, तिच्या घाईची किंमत मात्र त्यांच्या वाट्याला आली.

वर जायला एकच जागा

आता मुद्द्याची गोष्ट. आय-लीगमधून आयएसएलमध्ये जातो फक्त एक क्लब, विजेता. दुसऱ्या क्रमांकाला काहीही नाही.

इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीशी, म्हणजे चॅम्पियनशिपशी तुलना केली की हे किती अरुंद आहे ते कळतं. तिथे २४ क्लब, प्रत्येकाचे ४६ सामने. पहिले दोन थेट प्रीमियर लीगमध्ये. त्यांच्या खालच्या काही संघांत प्ले-ऑफ आणि त्याचा अंतिम सामना वेम्ब्लीवर. तो जिंकणारा तिसरा. म्हणजे हंगाम संपत आला तरी आठव्या-नवव्या क्रमांकाच्या संघालाही खेळण्यासारखं काही उरलेलं असतं. २०२३ मध्ये ल्युटन टाऊन असाच प्ले-ऑफ जिंकून प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, आणि त्याच्या नऊ वर्षं आधी तो क्लब पाचव्या श्रेणीत खेळत होता.

आपल्याकडे हैदराबादचा श्रीनिदी डेक्कन बघा. २०२२-२३ मध्ये दुसरा, २०२३-२४ मध्येही दुसरा. इंग्लंडमध्ये असता तर पहिल्याच वर्षी वर गेला असता. इथे दोन्ही वर्षं मेहनत करून तिथल्या तिथेच. त्या दोन हंगामांत वर गेले राऊंडग्लास पंजाब आणि कोलकात्याचा १८९१ साली स्थापन झालेला मोहम्मेडन स्पोर्टिंग.

म्हणून एका गुणासाठी वकील लावले जातात. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकामधलं अंतर गुणांत १ असतं, पण व्यवहारात ते अख्ख्या श्रेणीचं असतं.

शिवाय जिंकलं की थेट प्रवेश, असंही नाही. क्लब लायसन्सिंग नावाची परीक्षा असते. आशियाई फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे एएफसीच्या निकषांनुसार पाच गोष्टी तपासल्या जातात: युवा संघांसारख्या क्रीडाविषयक बाबी, स्टेडियम, प्रशिक्षक-डॉक्टर वगैरे कर्मचारी, कायदेशीर कागदपत्रं आणि आर्थिक व्यवहार.

आणि खाली यायला एकही नाही

वर जाणारा एक आहे, मग आयएसएलमधून खाली किती येतात? २०२४-२५ पर्यंत, एकही नाही.

२०२३-२४ च्या आयएसएलमध्ये हैदराबाद एफसी तळाला होता. २२ सामन्यांत फक्त १ विजय. पुढच्या वर्षी तो आयएसएलमध्येच खेळला. २०२४-२५ मध्ये नुकताच वर आलेला मोहम्मेडन तळाला राहिला, त्यालाही खाली पाठवलं नाही. वर भर पडत गेली, खाली कुणी आलंच नाही.

हे ठरलेलं असं नव्हतं. २०१९ मध्ये एएफसीने भारतासाठी एक आराखडा मंजूर केला होता. त्यात आयएसएलला पहिल्या श्रेणीचा दर्जा मिळाला. २०२२-२३ पासून आय-लीगच्या विजेत्याला प्रवेश फी न घेता वर घ्यायचं होतं. आणि २०२४-२५ मध्ये दोन्ही बाजूंनी, म्हणजे बढती आणि घसरण दोन्ही सुरू करण्याची शिफारस होती. बढती वेळेवर सुरू झाली. घसरण राहिली.

का राहिली, याचं उत्तर पैशात आहे. आयएसएलच्या मूळ क्लबांनी दरवर्षी कोट्यवधींची फ्रँचायझी फी भरून जागा घेतली आहे. जागा विकत घेतलेला मालक 'एक वर्ष वाईट गेलं तर जागा सोडा' हे सहजासहजी मान्य करत नाही. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगमधून खाली पडणाऱ्या क्लबला कमाल तीन वर्षं 'पॅराशूट' म्हणून ओळखली जाणारी रक्कम मिळते, म्हणजे पडला तरी हाडं मोडत नाहीत. आपल्याकडे खाली पडणाऱ्याला धरायला असं काहीच नाही. पण त्यामुळे होतं काय, तर घसरणीची भीती फक्त आय-लीगच्या क्लबांना असते. वरच्यांना नाही.

पहिली लीग दुसरी कशी झाली?

हा भाग गोव्याच्या वाचकांना पाठ असेल, पण महाराष्ट्रात फारसा कुणाला माहीत नाही. आय-लीग जन्मतः दुसऱ्या श्रेणीची नव्हती. २००७ मध्ये जुन्या नॅशनल फुटबॉल लीगच्या जागी ती आली तेव्हा देशातली सर्वोच्च लीग तीच होती. आणि पहिले सहाच्या सहा हंगाम गोव्याने जिंकले. डेम्पो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. एवढ्याशा राज्याने सलग सहा वर्षं देशाची लीग स्वतःकडे ठेवली.

२०१४ मध्ये आयएसएल आली. सुरुवातीला दोन-अडीच महिन्यांची, निवृत्तीला आलेले परदेशी स्टार आणि भरपूर झगमगाट असलेली. हळूहळू ती मोठी होत गेली आणि २०१६ मध्ये आय-लीगला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्याचा प्रस्ताव समोर आला. त्याचा निषेध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा लीगमधून बाहेर पडले. आय-लीगमध्ये परतण्याचा हक्क नुकताच मिळवलेला डेम्पोही बाहेर राहिला.

आणि इथे एक विलक्षण गोष्ट घडली. मिझोरमचा ऐझॉल एफसी २०१५-१६ मध्ये घसरला होता. खरं तर तळाला होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण तो कॉर्पोरेट प्रवेशातून आल्यामुळे त्याला घसरणीपासून सूट होती. म्हणून गदा आली त्याच्या वरच्या ऐझॉलवर. गोव्याचे क्लब बाहेर पडले आणि रिकाम्या जागेवर ऐझॉलला परत बोलावलं गेलं. पुढच्याच हंगामात, ३० एप्रिल २०१७ ला, ऐझॉल मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून देशाचा विजेता झाला.

त्या संघाचे प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांनी आधी अनेक वर्षं मुंबई एफसी सांभाळला होता. ज्या हंगामात ते ऐझॉलसोबत विजेते झाले, त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहून घसरला. ऑगस्ट २०२५ मध्ये जमील भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

डेम्पोला परत यायला २०२४ उजाडलं. आय-लीग २ मध्ये दुसरा क्रमांक मिळवून, रीतसर रांगेत उभं राहून तो आला.

रांग मोडून येण्याचीही सोय आहे

सगळेच रांगेत उभे राहत नाहीत. एआयएफएफ वेळोवेळी कॉर्पोरेट बोली मागवते. पैसे आणि आराखडा दाखवणाऱ्या कंपनीला थेट आय-लीगमध्ये जागा मिळते. जिंदाल समूहाचा बेंगळुरू एफसी २०१३ मध्ये असाच आला आणि पहिल्याच हंगामात विजेता झाला. इंटर काशी आणि नामधारी, ज्यांच्या सामन्यावरून एवढं रामायण झालं, ते दोघंही २०२३ मध्ये असेच थेट आले.

यावर नाकं मुरडणारे बरेच आहेत, पण दुसरी बाजूही आहे. दुसऱ्या श्रेणीत टीव्हीचं उत्पन्न जवळपास नसतं. श्रीनगर ते कोळीकोड असा प्रवास, हॉटेलं, परदेशी खेळाडूंचे पगार, हे सगळं बहुतेक वेळा मालकाच्या खिशातून जातं. मालकाचा उत्साह ओसरला की क्लब संपतो.

हे महाराष्ट्राइतकं कुणी अनुभवलेलं नसेल. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघ बंद झाला. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता, काही वर्षांत तोही गेला. पुण्याचाच भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स दोन. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. २०२३ मध्ये केंक्रे घसरल्यानंतर पुढच्या दोन्ही हंगामांत आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता.

जागा मिळाली, पण कुठली?

इंटर काशीच्या बाजूने निकाल आला १८ जुलैला. त्याच्या एक आठवडा आधी, ११ जुलैला, आयएसएल चालवणाऱ्या एफएसडीएल या कंपनीने नवा हंगाम बेमुदत पुढे ढकलला होता. २०१० साली एआयएफएफशी झालेला १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता आणि पुढचा करार झाला नव्हता. म्हणजे ज्या जागेसाठी तीन महिने भांडण चाललं, ती जागा ज्या लीगमध्ये होती तीच सुरू होईल की नाही याचा पत्ता नव्हता. शेवटी फेब्रुवारी २०२६ मध्ये, नेहमीपेक्षा कमी सामन्यांची आयएसएल सुरू झाली. त्यात इंटर काशी खेळला.

कोल्हापूरच्या संघाला आयएसएलमध्ये जायचं असेल तर?

सोशल मीडियावर हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि येणं स्वाभाविक आहे. शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्यांना जी गर्दी होते, ती आय-लीगच्या कित्येक क्लबांना स्वप्नात दिसत नाही. अनिकेत जाधवसारखा खेळाडू याच शहराने दिला. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळल्यावर तो आय-लीगमध्ये एआयएफएफच्या इंडियन ॲरोज या युवा संघातून खेळला आणि तिथून आयएसएलमध्ये गेला. खेळाडू म्हणून हा जिना चढता येतो. पण तालमीला?

नियमाने वाट आहे. आधी राज्य पातळीवर चांगली कामगिरी करून आय-लीग ३ साठी राज्याकडून नाव जायला हवं. तिथून बढती मिळवून आय-लीग २. तिथे पहिल्या दोनांत येऊन आय-लीग. आणि तिथे पहिला क्रमांक, फक्त पहिला. प्रत्येक पायरी पहिल्याच प्रयत्नात चढली तरी पाचव्या हंगामात आयएसएल. त्याआधी कंपनी किंवा संस्था म्हणून रीतसर नोंदणी, युवा संघ, परवानाधारक प्रशिक्षक, हिशेबांचं ऑडिट आणि प्रकाशझोताची सोय असलेलं स्टेडियम लागेल. आणि कुणाची किती पिवळी कार्डं झाली, हे दर सामन्याआधी तपासणारा एक माणूस.